मालकांची प्रामाणिक गरज

आमचे मालक सूर्य उगवला हेसुद्धा दोन माणसांना विचारल्याशिवाय मान्य करत नाहीत, आणि ती दोन माणसं एकमेकांच्या ओळखीची निघाली तर तिसऱ्याला विचारतात. मालक म्हणजे आमच्या नाटक कंपनीचे घरमालक. वडशाच्या मुख्य रस्त्यावर त्यांची माडी आहे. वर ते राहतात आणि खाली, रस्त्याला लागून, आमचं ऑफिस होतं. ज्यांना झाडीपट्टी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवाळीच्या सुमारास धान निघालं की आमच्याकडे गावोगावच्या रिकाम्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांमध्ये, मांडव पडतात आणि होळीपर्यंत नाटकं चालतात. ती ठरवायला गावकरी वडशाला येतात, कारण कंपन्यांची ऑफिसं इथेच. एक टेबल, दोन बाकं, भिंतीवर पोस्टरं आणि तालमीपुरती मागची पडवी, एवढ्यावर कंपनी उभी असते. मी त्या कंपनीचा मॅनेजर, लेखक, आणि एखादा नट आजारी पडला तर त्याचा बदली नट. गावकऱ्यांना कंपनीचं नाव आठवत नाही, लेखकाचं तर मुळीच नाही. त्यांना दार आठवतं. बसस्टँडकडून आलं की उजव्या हाताला निळं दार, तिथले नाटकवाले चांगले, एवढीच आमची कीर्ती. ते निळं दार हेच आमचं भांडवल होतं, आणि ते मालकांचं होतं.

मालकांचा संशय कोणा एकावर नसतो, त्या बाबतीत ते अगदी निःपक्षपाती आहेत. दूध ते गवळ्याच्या गोठ्यात, धार निघताना समोर उभं राहून घेतात आणि तरी घरी येऊन त्यात बोट बुडवून बघतात. ‘आता तं तुमच्यासमोर काढलं ना, मालक?’ असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘काढलं समोर जी. पन त्याच्या आधी म्हशीनं किती पानी पेलं, ते मी पाह्यलो काय?’ चहाच्या टपरीवर ते सायकलला कुलूप घालतात आणि मग त्या सायकलवरच बसून चहा पितात. नागभीडला जाणाऱ्या गाडीत बसले की प्रत्येक स्टेशनवर खिडकीतून डोकं काढून ही गाडी नागभीडलाच जाते ना, अशी चौकशी करतात. रुळांना वाटेत कुठे वळवलं तर, ही त्यांची शंका असते. मार्कंड्याच्या जत्रेला ते दरवर्षी जातात. तिथे पायताणं चोरीला जातात म्हणून ते डावी चप्पल देवळाच्या पायऱ्यांच्या एका टोकाला काढतात आणि उजवी दुसऱ्या टोकाला. चोराला जोडी लागते, हा त्यांचा हिशेब. एका वर्षी गर्दीत त्यांना स्वतःलाच उजवी कुठे ठेवली ते आठवेना आणि ते वैनगंगेच्या काठानं एक पाय भाजत बसपर्यंत आले. पण पडलेल्या चेहऱ्यानं नव्हे. ‘पाह्यलं? चोरानं नेलीच नाई,’ पायातली डावी चप्पल दाखवत ते म्हणाले.

मोहफुलं पडायच्या दिवसांत एकदा जंगल खात्याची गाडी भोंग्यावरून सांगत फिरली की शिवारात वाघ आला आहे, एकट्यानं कोणी जाऊ नये. मालकांनी लगेच निकाल दिला, ‘लोकाईनं मोहफुलं येचू नये, म्हनून ही आयडिया हाये.’ आणि सायकल काढून एकटे शेताकडे गेले. तासाभरानं परत आले ते सायकल हातात धरून, घामानं निथळत, आणि आमच्या बाकावर बसून त्यांनी दोन तांबे पाणी प्यायलं. पाणी कुठलं हे न विचारता प्यायलेलं मी तेव्हाच पाहिलं. ‘होता काय जी वाघ?’ मी विचारलं. त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. मग म्हणाले, ‘होता. पन त्याले कोनी तरी धाडला असन.’

असा माणूस नाटकवाल्यांचा घरमालक व्हावा हा नशिबाचाच खेळ. आमचं रडणं, भांडणं, शपथा घेणं, सगळं खालच्या पडवीत ठरल्या वेळी चाले आणि मालकांना ते जिन्यावरून ऐकू येई. त्यामुळे आमच्या तोंडून निघालेलं कुठलंही वाक्य त्यांना तालमीतलंच वाटे. आमच्या ऑर्गनवाल्याला एकदा पडवीत विंचू चावला. तो जिवाच्या आकांतानं ओरडत होता आणि वरून मालकांचा आवाज आला, ‘मस्त जमून राह्यलं जी, पन जरा लांबून राह्यलं.’ संध्याकाळी दवाखान्यातून आणल्यावर त्यांनी खाली येऊन सुजलेला पाय दाबून बघितला. खात्री झाली तेव्हा वर जाऊन स्वतःची काठी त्याला आणून दिली. आठवड्यानं त्यानं ती परत केली, तर तीच काठी आहे ना हे उजेडात नेऊन तपासून घेतलं. आमचं नाटक मात्र त्यांनी कधी पाहिलं नाही. पास दिला की म्हणत, ‘खोटं पाहाले रातभर कायले जागाचं? दिवसा फुकट दिसते.’

पण त्यांच्या संशयाचा खरा कळस झाला तो मुलीच्या लग्नात. एकुलती एक मुलगी, आई लवकर गेलेली. स्थळ आलं ऊर्जानगरचं. मुलगा तिथल्या वीज केंद्रात नोकरीला. मालकांनी त्याची जी चौकशी केली तशी कोणत्या साहेबाचीही कधी होत नसेल. ते ऊर्जानगरला जाऊन फाटकासमोर उभे राहिले आणि मुलगा वीज केंद्राच्या बसमधून खरोखर उतरतो का ते बघून आले. परत गेले आणि क्वार्टरच्या शेजाऱ्यांकडे पाणी मागायच्या निमित्तानं बसून आले. मोटरसायकल त्याच्याच नावावर आहे, तो दारू पीत नाही, उधारी करत नाही, त्याला दोन्ही कानांनी ऐकू येतं, हे सगळं त्यांनी वेगवेगळ्या माणसांकडून खरं करून घेतलं. मांडवात फेटा बांधताना मुलाच्या डोक्यावरून हात फिरवून केससुद्धा ओढून बघितले. ‘ठोकून पाह्यला जी त्याले. मडकं ठोकते तसा,’ ते पंगतीत सगळ्यांना सांगत होते. असा तावूनसुलाखून घेतलेला जावई वडशात दुसरा नाही, यावर गावाचंही एकमत होतं.

आणि अशा या मालकांनी एका होळीनंतर, हंगाम संपून आम्ही जरा पाय पसरत होतो तेवढ्यात, आम्हाला वकिलाची नोटीस दिली. कुटुंबातील व्यक्तीच्या व्यवसायासाठी जागेची खरी आणि प्रामाणिक गरज आहे, सबब जागा खाली करावी. मालक आणि प्रामाणिक गरज हे शब्द एका ओळीत वाचून माझ्या हातातला चहा सांडला. कुटुंबातली व्यक्ती म्हणजे कोण? मुलगी दिल्या घरी सुखात, मुलगा नाही, आणि स्वतः मालकांनी कधीच धानाचा व्यापार आवरलेला. मी जिन्यानं वर जाऊन विचारलं, ‘मालक, कोनाले पायजे जागा?’ ते म्हणाले, ‘नोटिशीत लिहून हाये.’ ‘पन धंदा कोनता?’ ‘ते सांगितलं तं तुमीच आधी टाकान,’ असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं आणि आतून कडीही घातल्याचा आवाज आला.

आता संशय हा रोग हवेतून पसरतो की काय कोण जाणे, पण त्या दिवसापासून तो आम्हालाही जडला. रस्त्यापलीकडच्या कंपनीनं मालकांना जास्त भाडं कबूल केलं असणार, असं आमच्या ऑर्गनवाल्याचं म्हणणं. मला मोबाइलच्या दुकानाचा वास येत होता. जिन्यानं कोण चढतं, किती वेळ बसतं, उतरताना हसतं का, यावर आम्ही नजर ठेवू लागलो. दिवाळीला माहेरी आलेली मालकांची मुलगी अजून परत गेली नव्हती, हेही तेव्हाच आमच्या लक्षात आलं. खालच्या नळावर पाणी भरायला ती यायची आणि आमच्याशी न बोलता, मान खाली घालून कळशी घेऊन जिना चढायची. मी विचारलं तर मालक म्हणाले, जावई बाहेरगावी ट्रेनिंगला गेलेत. चहावाल्याला त्यांनी सांगितलं, बाईची तब्येत नरम आहे. ऑर्गनवाल्याला सांगितलं, क्वार्टरला रंग देणं चालू आहे. तीन माणसांना तीन कारणं, म्हणजे माणूस सवयीनं खोटं बोलतो, असा आम्ही निष्कर्ष काढला आणि जागा सोडायची नाही असं ठरवलं. कोर्टात दावा उभा राहिला.

कोर्ट बाजारापलीकडे आहे. तारखेच्या दिवशी मालक आमच्या पुढे चालत नसत, कारण मागून आम्ही काय बोलू याचा भरवसा नाही. मागेही राहत नसत, कारण पुढे जाऊन आम्ही काय करू याचा नाही. तेव्हा वादी आणि प्रतिवादी शेजारी शेजारी चालत कोर्टात जायचे. पुकारा होईपर्यंत व्हरांड्यात बसावं लागे. ते खिशातून फुटाण्याची पुडी काढत, आधी स्वतः दोन खाऊन दाखवत आणि मग पुडी माझ्यापुढे धरत. मी संशय घेऊ नये म्हणून ही खबरदारी. फुटाणे चांगले असत. मी खात असे, आणि मनात म्हणत असे की हा म्हातारा आपल्या पोटावर पाय देतो आहे आणि वर फुटाणे चारतो आहे.

दुसऱ्या पावसाळ्यात त्यांची उलटतपासणी झाली. आमचे वकील उठले आणि त्यांनी साधाच प्रश्न विचारला, की या जागेत कोण आणि काय व्यवसाय करणार? मालकांनी एकदा वकिलाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, ‘ते मी नाई सांगत.’ वकील म्हणाले, ‘अहो, तुमचीच गरज आहे ना?’ ‘हाव.’ ‘मग सांगा.’ ‘कसा सांगू? ते तिथी बसून आयकून राह्यले ना.’ न्यायाधीशांनीही चष्मा काढून समजावलं की गरज काय ते सांगितल्याशिवाय ती खरी कशी ठरणार. मालकांच्या वकिलानं कपाळाला हात लावला. मालक कठड्याला घट्ट धरून उभे राहिले. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, पण त्यांनी मान हलवून नकारच दिला. आमचे वकील बाहेर येऊन हात चोळत म्हणाले, ‘केस आपली आहे. आता फक्त एक साक्षीदार मिळवा, ज्याला हे गृहस्थ जास्त भाड्यानं जागा द्यायला तयार झाले. मग वरच्या कोर्टातही काळजी नाही.’

कुठल्याही किराणा दुकानदारानं यावर चार ठिकाणी चौकशी केली असती. आम्ही नाटकवाले, आम्हाला एकच सुचलं. आमच्या कंपनीत त्याच वर्षी मूल गावाकडचा एक खलनायक आला होता. रंगमंचावर त्यानं कित्येक गोठे पेटवले आणि नायिका पळवल्या. एरवी घरून निघताना बायकोला विचारून चप्पल घालणारा माणूस. मालकांनी त्याला पाहिलेलं नाही, अशी आमची समजूत होती. आम्ही त्याला गोंदियाचा राईस मिलवाला शेठ बनवायचं ठरवलं. सफारी सूट, बोटात खड्याची अंगठी, अत्तर, आणि स्पिरिट गमनं चिकटवलेली भरघोस मिशी. संवाद मी लिहून दिले. पहिल्यांदा जागेची स्तुती, मग दुप्पट भाडं, आणि मालक हो म्हणाले की ‘मग त्या नाटकवाल्यांना कधी काढता?’ हा शेवटचा बार. दोन तालमी घेतल्या. ऑर्गनवाल्यानं मालकांची भूमिका केली आणि तो दोन्ही वेळा लगेच हो म्हणाला.

दुपारी खलनायक जिना चढून गेला. मी खाली टेबलाशी कान छताला लावल्यासारखा बसलो. वरून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग आल्याच्या चहाचा वास आला आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो, कारण मालकांनी आजवर कोणाला चहा पाजल्याचं वडशात कोणाला आठवत नव्हतं. खलनायक खूप वेळानं मागच्या पडवीतून आत आला. बाकावर बसला, मिशी उपटून टेबलावर ठेवली आणि नुसता तिच्याकडे बघत राहिला.

‘देऊन राह्यले काय जागा?’ मी विचारलं.

‘नाई,’ तो म्हणाला. ‘दुप्पट म्हनाच्या आधीच नाई म्हनले. मंग म्हनले, शेठजी, तुमी बाहेरचे, तुमाले सांगाले हरकत नाई. माह्या पोरीले पायजे. तिच्या नवऱ्याची दुसरी बाई हाये, लग्नाच्या आधीपासूनची. पोरीले घरातून काढलं त्यानं. मी बस पाह्यलो, गाडी पाह्यलो, क्वार्टर पाह्यलो, केस ओढून पाह्यलो, अन् तेवढं एक पाह्यलो नाई. आता पोरगी म्हनते, बाबा, खानावळ टाकतो; नाटकवाल्या लोकाईले टायमावर जेवन भेटत नाई. खाली नळ हाये, पडवी हाये. जिना चढून कोन येईन जेवाले? मी त्याईले म्हनलो, मंग कोर्टात काऊन नाई सांगत? तं म्हनले, कोर्टात सांगितलं तं सारं गाव म्हनन, या मानसानं दुधातलं पानी पाह्यलं अन् जावई पाह्यला नाई. पोरीले तिच्या तोंडावर विचारतीन.’

‘मंग तू काय म्हनला?’

‘मी पुढचं बोलाचंच विसरलो. म्हनलो, बरोबर हाये तुमचं. अन् त्याईच्या पाया पडून आलो.’

गोंदियाचा शेठ पाया पडून आला, हे ऐकून एरवी मी त्याच्यावर भडकलो असतो. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. कळशी घेऊन मान खाली घालून जिना चढणारी ती मुलगी डोळ्यांपुढे आली, आणि आपण तिच्या पाण्याच्या खेपांवरसुद्धा संशय घेतला, हे आठवून स्वतःचीच लाज वाटली. मालकांचा रागही आला. एवढं एक वाक्य या माणसानं मला जिन्यात सांगितलं असतं तर दोन पावसाळे कोर्टाच्या व्हरांड्यात गेले नसते. पण ते वाक्य त्यांना का सांगता आलं नाही तेही कळत होतं. ज्याच्या जिवावर माणूस गावात ताठ मानेनं चालला, तीच गोष्ट नेमकी हवी तिथे उपयोगी पडली नव्हती.

कंपनीत भांडण झालं. दसऱ्याच्या तोंडावर ऑफिस सोडणं म्हणजे हंगाम सोडणं, असं ऑर्गनवाल्यानं स्पष्ट सांगितलं, आणि त्याचं खरं होतं. निळं दार गेलं की गावं गेली. नटांची घरं होळीपर्यंतच्या त्या कमाईवर चालतात. खलनायक एवढंच म्हणाला, ‘मी त्या घरचा चहा पेलो.’ शेवटी मी जागा सोडायचं ठरवलं. वकिलांनी मला वेड्यात काढलं. जिंकलेली केस सोडणारा पक्षकार त्यांनी पाहिला नव्हता.

वेड्यात काढलं नाही ते फक्त मालकांनी. त्यांना संशय आला. ‘काऊन सोडून राह्यले?’ त्यांनी जिन्याच्या मधल्या पायरीवरून विचारलं. मी म्हणालो, ‘दुसरी जागा भेटली.’ ‘चांगली हाये?’ ‘हाव.’ ‘मंग इतके दिवस काऊन नाई गेले?’ मी कुलपाची किल्ली शोधायला आत गेलो. सामान हलवलं तेव्हा त्यांनी रिकाम्या खोलीच्या भिंती ठोकून बघितल्या, कोपऱ्यात कुठे लिंबूमिरची पुरली नाही ना याची खात्री केली, आणि मग आमच्या हातगाडीबरोबर चालत नवी जागा बघायला आले. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे, बोळात, एक टिनाचं शेड. रस्त्यावरून दिसत नाही, पाटी लावायला भिंत नाही. मालक दारात उभे राहिले. मला वाटलं आता पत्र्याला बोट लावून बघतील. त्यांनी तसं काही केलं नाही. ‘इथी कोन येईन?’ असं हळूच म्हणाले आणि परत गेले.

कोणी आलं नाही. दसरा गेला, बाकं रिकामी. मुख्य रस्त्यावर गावोगावची माणसं हिंडताना दिसत आणि आम्ही बोळात एकमेकांची तोंडं बघत बसलेले. ऑर्गनवाला माझ्याशी बोलेनासा झाला. मग एका दुपारी नागभीडकडच्या एका गावची पाच-सहा माणसं ढेकर देत बोळात शिरली. बसली, नाटक ठरवलं. मी विचारलं, पत्ता कसा लागला? त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, ‘आमी तं निळ्या दारातच गेलो होतो. तिथी खानावळ झाली. जेवलो. दारात एक बुढा खुर्ची टाकून बसून हाये, त्यानं धाडलं.’ दुसऱ्या दिवशी आणखी एक गाव आलं, मग आणखी. काहींना मालक स्वतः बोळाच्या तोंडापर्यंत आणून सोडत आणि वळून जात. एका गावच्या पुढाऱ्याला मी विचारलं, तो बुढा काय म्हणाला? ‘म्हनला, मानसं खरी हायेत. बरीच वर्षं माह्या इथी होती, मी तपासलो त्याईले.’ मालकांनी उभ्या आयुष्यात एखाद्या गोष्टीबद्दल दिलेली ती एवढीच खात्री. माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला काही वाटत नाही.

हंगाम निभावला. मीही खानावळीत जेवायला जाऊ लागलो. जिथे माझं टेबल होतं तिथे आता लांब बाक आहे. भिंतीवरची पोस्टरं खरवडून काढली तरी एका नायिकेचा अर्धा चेहरा निघालेला नाही. मालकांची मुलगी, आता आम्हा सगळ्यांची ताई, वांग्याची भाजी, भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण वाढते. आता मान वर करून बोलते, नटांना रागावतेसुद्धा. मालक दारातल्या खुर्चीवरून कोण जेवून गेलं आणि कोण नुसतं हात धुऊन गेलं यावर डोळा ठेवतात. आमची सगळी कंपनी तिथे जेवते. फक्त खलनायक जात नसे. तो बसस्टँडवर भजी खाऊन दिवस काढायचा. त्या दारात पाय ठेवायची त्याला लाज वाटायची.

होळी जवळ आली होती. दुपारची गर्दी ओसरल्यावर मालक माझ्या शेजारी येऊन बसले. माझ्या ताटाकडे बघत म्हणाले, ‘त्या गोंदियाच्या शेठचं काय झालं जी?’

माझा घास तिथेच राहिला. ‘कोन शेठ?’

‘तोच. डाव्या बाजूनं मिशी सुटली होती त्याची. चहाची वाफ लागली तं अजून सुटली.’

‘मालक, तुमाले माहीत होतं?’

‘दारातच वळखलो. चपला जिन्याखाली सोडल्या अन् मागं वळून पाह्यलं बी नाई. पैसेवाला मानूस अशा चपला सोडते काय?’

मी विचारलं, मग त्याला सगळं कशाला सांगितलं? मालकांनी आधी आत बघितलं. ताई पाठमोरी भांडी आवरत होती. ‘तुमालेच सांगाचं होतं,’ ते म्हणाले. ‘दोन खेपा जिना उतरलो, पन तोंडावर नाई जमलं. तुमी मानूस धाडला, बरं झालं.’ मग माझ्या पानात ते स्वतः भात वाढू लागले आणि म्हणाले, ‘त्याले म्हना, जेवाले येत जा. मिशी नाई लावली तरी चालते.’

दुसऱ्या दिवशी मी खलनायकाला ओढतच घेऊन गेलो. त्यानं दारात चपला काढल्या आणि मान खाली घालून तो आतल्या बाकावर जाऊन बसला. ताईनं त्याच्यापुढे ताट ठेवलं. मालक खुर्चीवरून उठले, त्याच्या चपलांतली एक उचलली, आणि दाराबाहेरच्या ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली.